प्रभागातल्या खर्चात रहिवाशांचं म्हणणं उतरवायचं कसं? 'निधी उपलब्ध नाही' या उत्तरानंतर काय?

आडवाट

प्रभागातल्या साधारण चारशे कुटुंबांच्या वतीने विचारतोय. रस्त्याच्या वरच्या टोकाला सुस्थितीतले पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा नवे बसवले जातात. त्याच रस्त्याच्या खालच्या टोकाला दर पावसात गुडघाभर पाणी साचतं, तिथे मात्र काहीच होत नाही. तीनशे सह्यांचं निवेदन दिलं. एका ओळीचं उत्तर आलं: 'निधी उपलब्ध नाही, उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल.'

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मागणी नेमकी कधी आणि कोणाकडे द्यायची? निवेदनात काय लिहिलं म्हणजे ते फाईलमध्ये पुढे सरकतं? आणि काम मंजूर झालंच, तर पैसा कागदावर दाखवला तितका जमिनीत गेला की नाही हे सामान्य माणसाने कसं पाहायचं? मोर्चा, उपोषण वगैरे मार्ग माहीत आहेत. त्याआधीचं जे करता येतं ते हवं आहे.

जमाखर्च

आधी त्या उत्तराबद्दल. 'निधी नाही' याचे तीन वेगवेगळे अर्थ असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. पहिला अर्थ, त्या प्रकारच्या कामासाठी लेखाशीर्षच, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातंच नाही. दुसरा, लेखाशीर्ष आहे, तरतूदही आहे, पण ती मागच्या वर्षीच्या अपूर्ण कामांच्या बिलांना बांधलेली आहे. तिसरा, पैसे आहेत पण तुमचं काम यादीत नाही. म्हणून पुढचं पत्र चार प्रश्नांचं असू द्या: पावसाळी गटारांचं लेखाशीर्ष कोणतं, चालू वर्षाची तरतूद किती, आजवर खर्च किती, आणि दिलेल्या कार्यादेशांपोटी (ठेकेदाराला काम सुरू करण्याच्या लेखी आदेशांपोटी) बांधील रक्कम किती. माहिती मागण्याचा कायदा जिथे आहे तिथे तो अर्ज वापरा. या चार आकड्यांवरून तुम्ही त्या तीन अर्थांपैकी कुठे अडलात ते कळतं.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक निवेदनं चुकीच्या महिन्यात दिली जातात. अर्थसंकल्प मंजूर होतो त्या दिवशी सभागृहात काही ठरत नसतं, ते आधीच ठरलेलं असतं. आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सहा ते आठ महिने आधी खाती आपापल्या विभागीय कार्यालयांकडून कामांच्या मागण्या गोळा करतात. तीन-चार महिने आधी वित्त विभाग त्यांना कात्री लावतो. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत फक्त लोकप्रतिनिधींच्या उपसूचना उरतात. भारतात आणि ब्रिटनमधल्या स्थानिक संस्थांमध्ये वर्ष एप्रिलपासून धरतात, न्यूयॉर्क शहरात जुलैपासून, बऱ्याच देशांत जानेवारीपासून. तुमच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आठ महिने मागे मोजा. तुमचा कागद त्या सुमारास कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर पाहिजे. महापौरांच्या दालनात दिलेलं निवेदन फिरून शेवटी त्याच टेबलावर 'अभिप्रायार्थ' येतं, त्यात सहा आठवडे सहज जातात.

भांडवली आणि महसुली हा फरक पक्का करून घ्या. नवीन गटार टाकणं भांडवली. तुंबलेलं गटार साफ करणं, जाळी बदलणं, खड्डा बुजवणं महसुली, म्हणजे देखभालीच्या वार्षिक ठेक्यातलं. महसुली कामाला अर्थसंकल्पाची वाट पाहायची गरज नसते, ठेका चालूच असतो. लोक 'नवीन गटार द्या' म्हणून मागतात, वर्षभर थांबतात, आणि प्रत्यक्षात चेंबर साफ करून भागणार असतं. उलटही होतं: दर वर्षी तोच खड्डा देखभालीतून बुजवला जातो, कारण खालून पाणी झिरपतंय आणि त्यावरचा उपाय भांडवली आहे.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात काम दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. रक्कम पाहा. लेखाशीर्ष जिवंत ठेवण्यासाठी टोकन तरतूद टाकतात, ती मूळ खर्चाच्या मानाने नगण्य असते. त्या कामाची निविदा त्या वर्षी निघत नाही. खरी तरतूद असली तरी पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश असे टप्पे असतात आणि सगळं सुरळीत चाललं तरी चार ते सहा महिने लागतात. या चार टप्प्यांच्या तारखा दर महिन्याला विचारत राहा. एखाद्या टप्प्यावर दोन महिने काहीच हललं नाही तर समजा, ते पैसे दुसरीकडे वळवण्याच्या तयारीत आहेत. वर्षाच्या उत्तरार्धात वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात ते हेच: एका कामाची पडून राहिलेली रक्कम दुसऱ्या कामाला. तुमच्या कामाचे पैसे जाऊही शकतात आणि दुसऱ्या कामाचे तुमच्याकडे येऊही शकतात. येण्यासाठी मात्र तुमचं काम तयार हवं, म्हणजे नकाशा, मोजमापं, अंदाजपत्रक, जागेच्या मालकीचा कागद. वर्ष संपताना खात्याला खर्च दाखवायचा असतो आणि हाताशी तयार काम नसतं, तेव्हाच चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले जातात. त्याला माप-नकाशा काही लागत नाही, दोन आठवड्यांत निविदेचा मसुदा होतो. तुमच्या रस्त्यावर पैसा कुठे गेला याचं बरंचसं उत्तर यात आहे.

मोजपट्टी

जमाखर्च यांनी 'तयार काम' म्हटलं, ते तयार कसं करायचं ते लिहितो. सह्या कितीही असल्या तरी सह्यांवरून अंदाजपत्रक करता येत नाही.

पाणी साचण्याची कारणं पाच असू शकतात: पाणी आत घेणारी जाळी रस्त्यापेक्षा उंच आहे, जाळी किंवा चेंबर गाळाने भरलंय, रस्त्याचा उतार उलटा आहे, नळ लहान पडतोय, किंवा जिथे तो सोडलाय त्या नाल्याची पातळी पावसात वर येऊन पाणी मागे ढकलतेय. पहिली दोन देखभालीतली. तिसऱ्याला रस्त्याचं काम. चौथं-पाचवं मोठं काम. कारण न ओळखता मागणी केली की अभियंता त्याला सोपं वाटेल ते कारण धरतो.

जाळीपासून सुरुवात करा. जाळीच्या कडेला पट्टी आडवी ठेवा आणि रस्ता तिच्याखाली किती आहे ते बघा. जाळी रस्त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती तितकीच वर असते, कारण जाळीची चौकट सिमेंटमध्ये बसवली आणि भोवतीचं डांबर नंतर दबलं. पाणी जाळीला वळसा घालून पुढे जातं. अशा जाळ्या मोजा, फोटोत पट्टीवरचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून टिपा. वीस जाळ्यांपैकी अकरा उंच निघाल्या तर ते काम चौकटी खाली घेण्याचं आहे, नव्या गटाराचं नाही, आणि ते एका आठवड्यात होतं.

उतारासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. पंधरा-वीस मीटरची नळी, दोन माणसं, दोन सारख्या पट्ट्या. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, बुडबुडा राहिला की वाचन चुकतं. नळीच्या दोन्ही टोकांवरचे अंगठे उचला, पाणी स्थिर होऊ द्या, दोन्हीकडे जमिनीपासून पाण्याची उंची वाचा. फरक म्हणजे चढउतार. असं टप्प्याटप्प्याने पूर्ण रस्ता घ्या आणि शेवटी परत पहिल्या बिंदूवर येऊन बेरीज शून्याजवळ येते का तपासा. एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक आली तर पुन्हा मोजा. आडव्या दिशेने रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत दोन ते अडीच टक्के उतार हवा. सहा मीटर रुंद रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत तीन मीटर, म्हणजे सहा ते साडेसात सेंटिमीटर.

नळाचं गणित फार अवघड नाही. ३०० मिलिमीटर व्यासाचा नळ भरून वाहताना सेकंदाला ०.६ मीटर वेग यायला हवा असेल तर साधारण ५०० मीटरला १ मीटर उतार लागतो. त्याहून कमी वेगात गाळ खाली बसतो, मग कितीही साफ करा. साठ मीटरच्या टप्प्यात फक्त अडीच सेंटिमीटर उतार मिळत असेल तर तो २४०० मीटरला १ मीटर झाला. तिथे वेग त्याच्या निम्म्यावर येतो आणि तो नळ दर वर्षी भरणार.

पाणी किती येतं तेही ढोबळमानाने काढता येतं. पाणी जमा होणारं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये, आणि प्रवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला किती भाग जमिनीत न मुरता वाहून येतो ते. दाट वस्तीच्या, फरसबंदी भागाला तो ०.८ धरतात. तिन्हींचा गुणाकार करून ३६० ने भागलं की सेकंदाला घनमीटर मिळतात. २ हेक्टर, ताशी ५० मिलिमीटर, ०.८: म्हणजे सेकंदाला सुमारे २२० लिटर. आणि २५० मीटरला १ मीटर अशा बऱ्या उतारावरही ३०० मिलिमीटरचा नळ जेमतेम ६० लिटर नेतो, ४५० मिलिमीटरचा १८० च्या आसपास. मग 'गटार साफ केलं आहे' हे उत्तर खरं असूनही उपयोगाचं का नाही ते तुम्हाला आकड्यांनी सांगता येतं. हा हिशेब अभियंत्याच्या हिशेबाची जागा घेणार नाही, पण तो त्याला स्वतःचा हिशेब कागदावर मांडायला लावतो. खरं काम तेच आहे.

पावसाच्या दिवशी एक जण खांबावर खडूने खूण करून पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी टिपू दे. पाऊस थांबल्यावर पाणी वीस मिनिटांत ओसरतं की चार तास उभं राहतं, यावरून चौथं कारण आणि पाचवं कारण वेगळं काढता येतं. तासन्‌तास उभं राहिलं तर नाल्याच्या तोंडाशी जाऊन तिथली पातळी बघा.

एक कळकळीने सांगतो: झाकण उघडून चेंबरमध्ये कोणीही उतरू नका, डोकावण्यासाठीसुद्धा खाली वाकू नका. आतल्या वायूने काही सेकंदांत शुद्ध जाते. खोली मोजायची असेल तर खात्याच्या माणसाकरवी वरून काठीने.

आणखी एक गोष्ट, जी घरात पाणी शिरणाऱ्या रस्त्यांवर नेहमी सापडते. दर वेळी जुन्या थरावर २५ ते ५० मिलिमीटरचा नवा थर टाकला जातो. तीन वेळा असं झालं की रस्ता साडेसात ते पंधरा सेंटिमीटर वर येतो, कडेचा दगड गाडला जातो आणि पाणी फुटपाथ ओलांडून उंबऱ्यावर येतं. मागणीत स्पष्ट लिहा: 'जुना थर खरवडून काढूनच नवा थर टाकावा, रस्त्याची अंतिम पातळी कडेच्या दगडापेक्षा १५ सेंटिमीटर खाली ठेवावी.' हे वाक्य अंदाजपत्रकात गेलं नाही तर खरवडण्याची बाब बिलात नसते आणि ठेकेदार ती करणार नाही.

आडवाट

हे फार उपयोगी आहे, नळी उद्याच आणतो. पण एक शंका. आमच्याकडे नागरिकांच्या सूचना मागवणारा फॉर्म निघतो, त्याला सहभागी अर्थसंकल्प म्हणतात. तो भरून काही होतं का, की वेळ वाया जातो? आणि नगरसेवकांना किती धरून राहायचं?

उंबरठा

होतं, पण प्रक्रियेला दात असतील तर. हा प्रकार ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाला. तिथे विभागवार पैसे वाटताना तीन निकष लावले जात: लोकसंख्या किती, सुविधांची उणीव किती, आणि त्या विभागातल्या लोकांनी कशाला प्राधान्य दिलं. प्रत्येक निकषाला ठरलेलं वजन होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून जिथे गटारं नव्हती तिथे पैसा जास्त गेला. पाणी आणि मलवाहिनी जोडलेल्या घरांचं प्रमाण १९८८ मधल्या ७५ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ९८ टक्क्यांवर गेलं, हा जागतिक बँकेने दिलेला आकडा. भारतात केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला. पुण्यात नागरिकांकडून कामं मागवण्याची पद्धत २००६ पासून आहे. पॅरिसने २०१४ मध्ये भांडवली खर्चाचा ५ टक्के भाग यासाठी ठेवला. पोलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना खर्चाचा किमान ०.५ टक्का लोकांच्या मतदानाने ठरवणं बंधनकारक झालं. दक्षिण कोरियात २०११ पासून सगळ्या स्थानिक संस्थांना ही प्रक्रिया सक्तीची आहे.

ही यादी माहिती म्हणून दिलेली नाही. तुमच्या शहरातल्या फॉर्मला तीन प्रश्न विचारा: या मार्गाने किती रक्कम जाणार हे आधी जाहीर आहे का, निवड कोण करतं, आणि नाकारलेल्या सूचनेचं कारण लेखी मिळतं का. रक्कमच ठरलेली नसेल तर तो फॉर्म सूचना-पेटीपलीकडे जात नाही. तरीही भरा, कारण पोच क्रमांक मिळतो आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तो लिहिता येतो.

सूचना नाकारल्या जाण्याची कारणं जवळपास ठरलेली आहेत. जागा संस्थेच्या मालकीची नाही (खासगी रस्ता, दुसऱ्या खात्याची जमीन, रेल्वेची हद्द). काम ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा महाग आहे. मागणी देखभालीची आहे आणि रकाना भांडवली कामाचा. किंवा ठिकाणच कळत नाही. 'आमच्या भागात दिवे लावा' ही सूचना कचऱ्यात जाते. 'खांब क्रमांक १४ ते १९ दरम्यान १७० मीटरच्या टप्प्यात दोन खांब बंद, एका ठिकाणी खांबच नाही, सोबत नकाशा' ही सूचना टिकते. मालकीचा मुद्दा सगळ्यात आधी तपासा, कारण तिथे अडलेली फाईल वर्षानुवर्षं हलत नाही.

मोठं काम असेल तर स्वतःच त्याचे टप्पे पाडून मागा, पण प्रत्येक टप्पा एकटा वापरता येईल असा हवा. नाल्याच्या तोंडाकडून वर येत जा. वरून खाली टाकलेला अर्धा नळ पाणी आणून कुठेतरी मधे सोडतो आणि पुढच्या वर्षी निधी आला नाही की त्रास दुप्पट. उलट, खात्याने एकाच रस्त्याचे पाच तुकडे करून प्रत्येकाचं अंदाजपत्रक खुल्या निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली ठेवलेलं दिसलं, तर त्याची नोंद घ्या. निविदा टाळण्याची ती जुनी रीत आहे आणि लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप येतो.

नगरसेवकांबद्दल. त्यांच्या हातात दोन गोष्टी असतात: स्वेच्छा निधी (त्यांच्या मर्जीने खर्चायची रक्कम) असल्यास तो, आणि सभागृहातली उपसूचना. शिकागोच्या ४९ व्या प्रभागात २००९ मध्ये एकाच प्रतिनिधीने आपल्या हातातले सुमारे १३ लाख डॉलर कुठे खर्चायचे ते रहिवाशांच्या मतदानावर सोडलं. अमेरिकेतला हा पहिला प्रयोग, आणि त्यासाठी कोणताही नवा कायदा लागला नव्हता. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार प्रभागांनी तसंच केलं. तेव्हा नगरसेवकांकडे 'आमचं काम करा' म्हणून जाण्याऐवजी 'तुमच्या निधीतला एवढा भाग मतदानाने ठरवू, प्रक्रिया आम्ही चालवतो' असं घेऊन जाता येतं. पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. माणूस बदलला की काम मागे पडतं. मागणी खात्याच्या यादीत क्रमांकासह असेल तर नवा माणूसही तीच यादी उघडतो.

आणि कृपया हे मनावर घ्या: बैठक फक्त रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर घेतली तर येणारी माणसं ठरलेली असतात. भाडेकरू, रात्रपाळीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, रस्त्याच्या खालच्या टोकाला राहणारी कुटुंबं येत नाहीत, आणि पाणी त्यांच्याच घरात शिरतं. दोन वेगवेगळ्या वेळा ठेवा, एक बैठक पाणी साचतं त्याच जागी घ्या. मतांची मोजणी करताना गल्लीवार मोजा. नाहीतर वरच्या टोकाच्या सुशोभीकरणाला बहुमत मिळेल आणि तुम्ही जिथून सुरू केलंत तिथेच परत याल.

जमाखर्च

उंबरठा यांच्या उत्तराला जोडून: प्रत्येक नव्या गोष्टीमागे चालवण्याचा खर्च येतो. दिवे मागितले तर वीजबिल आणि दुरुस्ती, पंप मागितला तर चालक आणि डिझेल, बाग मागितली तर पाणी आणि माळी. निवेदनातच एक ओळ टाका, 'देखभाल अमुक चालू ठेक्यात समाविष्ट करावी.' वित्त विभागाचा पहिला आक्षेप हाच असतो, तो आधीच संपवा.

निवेदन एका पानाचं ठेवा. वर ठिकाण, दोन्ही टोकांच्या खुणा आणि लांबी. मग त्रास आकड्यांत: किती घरं, वर्षातून किती वेळा, किती सेंटिमीटर पाणी, किती वेळ. मग तुमच्या मते कारण आणि मागणी, एकच. त्याखाली जागेची मालकी, आधीच्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा, आणि सुचवलेलं लेखाशीर्ष. नकाशा, फोटो आणि सह्या मागे जोडा. एका निवेदनात पाच मागण्या घातल्या की ते पाच खात्यांत फिरतं आणि कुणाचंच राहत नाही. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पायाभरणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय, काम चालू असताना काय बघायचं.

इंडोनेशियात बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांवर एक प्रयोग केला होता. अभियंत्यांनी बांधून झालेले रस्ते खोदून नमुने काढले आणि बिलातलं साहित्य जमिनीत किती आहे ते मोजलं. जिथे सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं आधी सांगितलं होतं, तिथे गहाळ खर्च सुमारे ८ टक्के बिंदूंनी कमी झाला. जिथे फक्त गावकऱ्यांना बैठकींना बोलावलं, तिथे सरासरी परिणाम किरकोळ होता. मजुरीतली गळती घटली, साहित्यातली घटली नाही. याचं कारण उघड आहे. हजेरीपटावरचा माणूस कामावर होता की नाही हे गावाला कळतं, पण खडीचा थर १५ सेंटिमीटर आहे की १० हे वरून दिसत नाही. म्हणून नुसतं 'लक्ष ठेवून' भागत नाही. थर झाकला जाण्याआधी तो मोजावा लागतो.

त्यासाठी कार्यादेशासोबतचं परिमाण पत्रक मिळवा. त्यात बाब, माप आणि दर असतात. दरांच्या वादात पडू नका, मापं धरा. २०० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ५० मिलिमीटर डांबरी थर म्हणजे ५० घनमीटर. दाबलेल्या डांबरी मिश्रणाची घनता घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन, म्हणजे ११५ ते १२० टन माल यायला हवा. प्रत्येक ट्रकमागे वजनकाट्याची पावती असते. पावत्यांची बेरीज ८० टनांवर थांबली तर थर ५० मिलिमीटरचा असूच शकत नाही. एक माणूस, एक वही, ट्रकचे क्रमांक आणि वेळा. इतकं पुरतं.

थर पसरताना सुटा माल दाबल्यावर खाली बसतो, म्हणून ५० मिलिमीटरसाठी ६० च्या वर पसरावा लागतो. पसरतानाच ५० असेल तर रोलर फिरल्यावर चाळिशीत येईल. डांबरी माल वाफाळत यायला हवा. थंड झालेला माल नीट दाबला जात नाही आणि पहिल्याच पावसात खडी सुटते. ओल्या रस्त्यावर, रिमझिम चालू असताना थर टाकू देऊ नका, खालच्या थराला तो चिकटत नाही. तसं काम सुरू दिसलं की तारीख-वेळेसह फोटो आणि लगेच अभियंत्याला लेखी संदेश. फोन केलेला पुराव्यात धरत नाहीत.

काँक्रीट असेल तर दोन गोष्टी. ट्रकमधून ओतायच्या आधी वरून पाणी मिसळताना दिसलं तर थांबवायला सांगा, त्याने ताकद घटते. आणि ओतल्यावर किमान सात दिवस ओलं ठेवलं जातं का ते बघा; पाणी मारणं चुकवणं सर्रास चालतं कारण ते कुणाच्या बिलात दिसत नाही. त्याच काँक्रीटचे नमुना घन (ठोकळे) भरून ठेवतात, त्यांच्या ताकदीच्या चाचण्या ७ आणि २८ दिवसांनी होतात. २८ दिवसांचा अहवाल मागा, आणि घन तुमच्या रस्त्यावरच्या मालाचे होते का हे समजण्यासाठी ते भरले त्या दिवशीची तारीख टिपून ठेवा.

तुमच्या पेव्हर ब्लॉकबद्दल. ते खचतात ते ब्लॉकमुळे क्वचितच. खाली २५ ते ४० मिलिमीटर वाळू हवी, त्याखाली दाबलेला खडीचा थर, आणि कडेला घट्ट बसवलेला दगड. खड्डा भरून काढायला वाळू दहा सेंटिमीटर टाकली की ती वाहनांच्या वजनाने सरकते. कडेचा दगड सैल असला की रांगा बाहेर सरकतात, फटी रुंदावतात, वाळू पावसात धुऊन जाते. मग दोन वर्षांत 'ब्लॉक खराब झाले' म्हणून पुन्हा निविदा. काम सुरू होण्याआधी दोनच ब्लॉक उचलून खाली काय आहे ते अभियंत्यासमोर बघायला सांगा. बहुतेक वेळा जुनेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात आणि नव्या ब्लॉकचा खर्च वाचतो. तो वाचलेला पैसा खालच्या टोकाला मागण्याचा तुमचा मुद्दा मग भक्कम होतो.

नळासाठी खोदलेला चर कसा बुजवतात ते पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. माती एकदम लोटून वरून रोलर फिरवला की फक्त वरचा थर दाबला जातो. पंधरा ते तीस सेंटिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर दाबायला हवा. तसं झालं नाही तर पहिल्या पावसाळ्यात चराच्या रेषेत रस्ता खचतो, आणि तो नळ टाकणाऱ्या ठेकेदाराचा दोष की रस्ता करणाऱ्याचा यावर वर्ष जातं. म्हणून चर बुजवतानाचे फोटो ठेवा. रस्ता मंजूर झाला की पाणी, वीज, गॅस, केबल या सगळ्या खात्यांना 'तुमचं काही टाकायचं आहे का' असं लेखी विचारलं गेलं आहे का, हेही निविदेआधी विचारा.

आडवाट

परिमाण पत्रक आणि आठ महिने आधीचं वेळापत्रक, दोन्ही नोंदवून घेतलं. शेवटचा प्रश्न: काम पूर्ण झाल्यावर आमचा संबंध संपतो का?

पायाभरणी

नाही. कराराच्या अटींमध्ये दोषदायित्व कालावधी असतो, त्या काळातली दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि तोवर त्याची अनामत संस्थेकडे अडकलेली असते. किती वर्षं ते करारात पाहा. तो काळ काम संपल्याच्या दाखल्यावरच्या तारखेपासून मोजतात, उद्घाटनाच्या तारखेपासून नाही, म्हणून दाखल्याची प्रत घ्या. प्रत्येक पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणी तेच फोटो, पट्टीसह. भेग किंवा खचलेला भाग दिसला की पत्रात 'दुरुस्ती करावी' लिहू नका, 'दोषदायित्वांतर्गत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी' लिहा. नाहीतर देखभालीच्या ठेक्यातून खड्डा बुजवला जातो आणि त्याच कामाचे पैसे प्रभाग दुसऱ्यांदा भरतो. कालावधी संपण्याच्या दोन महिने आधी अभियंत्यासोबत संयुक्त पाहणी मागा आणि तिचा अहवाल सह्यांसह घ्या. अनामत परत गेली की ठेकेदाराला बोलावण्याचं काहीच साधन उरत नाही.